रविवारचं पाणी

३ मार्च, मंगळवार

क्लबच्या चिटणिसांनी माझा कागद परत पाठवला. राग कुठेतरी काढायला हवा, म्हणून लिहायला बसले.

पोहण्याच्या तलावाला मासोळीचं, माझ्या लहानपणच्या मैत्रिणीचं, नाव द्यायचं ठरलंय. १५ तारखेच्या रविवारी समारंभ. ती इथे पोहायला शिकली तेव्हा तिला पाहिलेली मी एकटीच उरले, म्हणून एक पान लिहून मागितलं. लिहून दिलं. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी नम्र अक्षरात – "हे वाक्य वगळल्यास कार्यक्रमाचा गोडवा टिकेल."

वाक्य असं होतं : "काळ्या मुलांना या तलावात फक्त रविवारी संध्याकाळी सोडत, कारण त्याच रात्री पाणी बदलत, आठवडाभर गोरे सभासद अंघोळून गेले की उरलेलं घाण पाणी तिच्या वाट्याला यायचं."

गोडवा हवा तर साखर वाटा. मी वाक्य काढणार नाही.

४ मार्च, बुधवार

सकाळपासून तीच डोळ्यांसमोर आहे. हडकुळी, लांब हातांची, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. नाव वेगळं होतं, पण बाबांनी मासोळी म्हटलं आणि तेच चिकटलं. बाबा तलावाचे पंपवाले. आम्ही ना गोरे, ना काळे – मधले. मधल्यांना नोकरी मिळे, पाण्यात पाय बुडवायची परवानगी नसे. मी पायरीवर टॉवेल घेऊन बसायची, बस्स.

संध्याकाळचा पिवळा उजेड, पाण्यावर तरंगणारी सुकी पानं, कडेला गढूळ गाळ – आणि त्यातून ती सुरीसारखी जायची. बाकीची पोरं पाणी उडवत, दंगा करत. ती एकदा उतरली की दिवे लागेपर्यंत थांबायची नाही. बाहेर आली की दात कडकडा वाजायचे तिचे. टॉवेल गुंडाळायची मी. ती म्हणायची, "कॉलेजवाली, पुस्तक बाजूला ठेव, आधी पाठ पूस."

तेव्हा कळलं नाही, आज कळतं – मला शिस्त कुणी लावली असेल तर तिने. परीक्षेला, लग्नाला, नोकरीतल्या भांडणांना, सगळ्याला मी तिच्यासारखीच मान खाली घालून भिडले. मध्ये थांबून इकडेतिकडे बघायचं नाही.

६ मार्च, शुक्रवार

धाकटी येऊन गेली. बहीण असली तरी माझी सासू शोभते. कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. तिचं दुखणं वेगळंच. पुढच्या वाक्यात मी लिहिलंय की फाटकावरची 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी पंपवाला स्वतःच्या हाताने टांगायचा आणि दर पावसाळ्यानंतर तिला नवा रंग द्यायचा.

"मेलेल्या बापाला चव्हाट्यावर आणतेस?"

मी म्हटलं, पाटी टांगायचे की नव्हते टांगायचे? ती म्हणाली, टांगायचे, पण आपण दोघी जेवायचो त्याच पाटीवर. तेही खरं. चहा न घेता गेली. रविवारी ते वाक्य वाचलंस तर मी तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, म्हणाली. ती असं सहसा बोलत नाही. बोलली की पाळते.

७ मार्च, शनिवार

बाबांना मी एकदाच विचारलं होतं – तुम्हाला लाज वाटत नाही? ते म्हणाले, "पंप अडलाय, जरा बॅटरी धर." धरली. तो विषय तिथेच संपला. नंतर कधी निघाला नाही.

पण मासोळीच्या राष्ट्रीय स्पर्धेचा तो दिवसही आठवतो. पंपाच्या खोलीत रेडिओ. ती आपल्या लेनपाशी आल्यावर शेजारच्या दोन्ही लेनमधल्या गोऱ्या मुली पाण्यात उतरल्याच नाहीत. निवेदक चाचरत होता. बाबांनी पंप बंद केला. मी बघितलं तर म्हणाले, तापलाय. शर्यत संपेपर्यंत तो तापलेलाच राहिला. ती जिंकली! राष्ट्रीय संघात जाणारी पहिली काळी मुलगी. नंतर वार्ताहरांनी विचारलं, त्या मुली उतरल्या नाहीत, कसं वाटलं? ती म्हणाली, "ऐसपैस झालं."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं वर्गात सांगितलं.

९ मार्च, सोमवार

चिटणिसांचा फोन. जुनी मढी कशाला उकरायची, वगैरे. वाक्य राहिलं तर कागद वाचला जाणार नाही. मी म्हटलं, मग नावही देऊ नका. ते म्हणाले, बाई, ज्यांचं नाव देतोय त्या पाहुण्यांनाच विचारा ना, त्यांना तरी हे आवडेल का?

हे मात्र बरोबर बोलले. विचारायलाच हवं होतं.

११ मार्च, बुधवार

मासोळीला फोन लावला. खुब्याचं ऑपरेशन झालंय, पण आवाज तोच. मी कागद वाचून दाखवला. घाण पाण्यापाशी पोचले आणि ती हसायला लागली. खोकेपर्यंत हसली.

"कसलं घाण पाणी? अगं, इतिहास शिकवायचीस ना तू? आठवडाभर उन्हात तापलेलं पाणी असतं तर माझे दात वाजले असते का?"

मग तिने सांगितलं. एका रविवारी ती लवकर आली. बाबा टोपलीत सुकी पानं घेऊन पाण्यावर पसरत होते. कडेला बादलीभर गढूळ पाणी ओतलेलं. तलाव रविवारी रात्री नाही, शनिवारी रात्रीच रिकामा होऊन भरला जायचा; रविवारी दिवसभर सभासद येत नसत. पानं तेव्हाच्या चिटणिसाच्या डोळ्यांसाठी, पाणी जुनं दिसावं म्हणून. सोमवारी पहाटे बाबा फक्त ती गोळा करायचे.

"मला म्हणाले, तोंड उघडलंस तर माझी नोकरी जाईल आणि तुझं पाणी. आधी त्यांची नोकरी होती, मग पेन्शन. मग कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तुझाच बाप."

शनिवारी रात्री बाबा घरी नसत. आई म्हणायची, पत्ते कुटत असतील. आम्ही तिघींनी आयुष्यभर त्यांना पत्त्यांवरून बोलून घेतलं.

मी विचारलं, लिहू का हे? ती म्हणाली, "पाटीचंही राहू दे. टांगायचेच ना ते. दोन्ही लिही."

रात्री धाकटीला फोनवर सगळं सांगितलं. शनिवारचं तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, रविवारी मला घ्यायला ये, रिक्षा मिळत नाही.

१२ मार्च, गुरुवार

चिटणिसांच्या हाती समक्ष दिलं : सुधारलेला कागद, एक. घाण पाण्याचं वाक्य त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळलं आहे. पाटीचं ठेवलं आहे. नवं वाक्य : "रविवारी ताज्या पाण्यात आधी ती पोहायची, उरलेला आठवडा सभासद तिच्या पाण्यात पोहत."

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, तेव्हा वडील सभासद होते, मी तिसरीत असताना त्याच तलावात पोहायला शिकलो.

बरंच पाणी पोटात गेलं असेल, म्हटलं.

पोच घेतली.