आठ गावांचं माप

बाबा, आज ग्रामसभेत पुन्हा दोन तास बोंबाबोंब झाली, आणि घरी आल्यावर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटेना. तुम्ही गेलात तेव्हा तेंदूपत्ता ठेकेदाराचा होता आणि तुम्ही त्याच्या फळीवर, पत्ता मोजून घ्यायच्या जागी, मुन्शी होतात. आता पत्ता ग्रामसभेचा आहे, आणि ग्रामसभेचा सचिव मी. आठ गावांनी मिळून महासंघ केला होता. पत्ता एकत्र विकायचा, एकच लिलाव, चिचगडच्या रस्त्यावर एकच गोदाम. गेल्या वर्षी आपल्या गावानं त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. आपला पत्ता मोठा, बिनडागी. बाकीच्यांचा फाटका पत्ता आपल्या भावात कशाला मिसळायचा, असं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण बाहेर कसं पडायचं, महासंघाकडून काय मागायचं, त्याबदल्यात काय सोडायचं, हे बोलायला बसलो आणि सगळ्या गावानं अक्कल गहाण टाकली. मीही त्या गावातलाच.

मला तुमची फळी आठवत राहते. भंडाऱ्यातून आपला जिल्हा वेगळा निघाला तो उन्हाळा, माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. चार वाजलेत तरी ऊन उतरत नाही. बाया डोक्यावरची ओझी खाली ठेवून पानांचे बांधलेले पुडे रांगेत मांडताहेत, आणि तुम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून जंगलाकडे तोंड करून उभे आहात. बाकीच्या फळ्यांवरचे मुन्शी बाईचं तोंड पाहून पुडा घ्यायचे, तोंड पाहून फेकायचे. तुम्ही आधी पाठच फिरवायचात. ‘मांडलं का?’ ‘मांडलं जी.’ मग वळून रांगेवरून चालत जायचं, पुडे दाबून पाहायचे, आणि कोणती रांग कुणाची हे विचारायचं नाही. त्या दिवशी एका रांगेपाशी तुम्ही खूश होऊन मान डोलावलीत, आणि मी शहाणा तुमच्या कानाशी लागलो, की ही अमक्याच्या बायकोची रांग, त्यानंच निवडणुकीत आपला माणूस पाडला. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, ‘पुड्याले पार्टी रायते का बे? पत्ता पाय, तोंड कायले पायतं?’ लग्न झालेल्या माणसाला चारचौघांत ‘बे’ म्हणालात याचा मला इतका राग आला की दोन दिवस मी फळीवर फिरकलो नाही. तुमची सून मात्र ते दोन्ही दिवस तोंडाला पदर लावून हसत होती.

तर गेल्या हिवाळ्यात बोलणी करायला गावानं चक्कीवाल्याला धाडलं. माणूस सरळ आहे, हिशेबाला चोख आहे, फक्त आपल्या पक्षाचा नाही. तो तीन अटींचा कागद घेऊन आला. पहिला हंगाम महासंघ आपलं गोदाम वापरू देणार. महासंघाचा लिलाव झाल्यावर दुसऱ्या दिवशी आपला. आणि आपला पुडा आठ गावांच्या मापानंच, तितक्याच पानांचा, बांधायचा. या अटींनी गावाचं काय नुकसान होणार, हे एकानंही विचारलं नाही. कागद कुणाच्या हातात आहे तेवढं पाहिलं. ‘त्याइचं माप आपन काऊन मानाचं? मंग बायर कायले निघालो?’ आणि त्यावर ‘गाव इकलं, गाव इकलं!’ कागद तिथंच नामंजूर झाला. मे महिन्यात पत्ता वाळला, पोती भरली, आणि वळवाच्या पावसानं दोन दिवस झोडपलं. महासंघाच्या गोदामाला आपल्यासाठी कुलूप होतं. ताडपत्र्यांखाली पत्ता काळा पडला. गोंदियाहून आलेल्या व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, वास घेतला, ‘अब इसका मैं क्या करूँ?’ म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. ती त्या रांगेवाली बाई, आता म्हातारी झाली आहे, आपल्या पोत्यांपाशी बसून एकेक पुडा सोडून उन्हात पसरत होती. त्याचा काही उपयोग नाही, हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं.

यंदा आपल्या पक्षाचा माणूस बोलणी करून आला. कागद आज सभेत मीच वाचला. त्याच तीन अटी, बाबा! तेच गोदाम, तोच दुसऱ्या दिवशीचा लिलाव, तेच माप. आणि गेल्या वर्षी छाती बडवणारे आपले लोक टाळ्या वाजवत होते, तर चक्कीवाल्याच्या बाजूचे, ज्यांनी हाच कागद आणला होता, ते ओरडत होते, ‘गाव इकलं!’ डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं. तेवढ्यात ती म्हातारी उठली. ‘बाबू, हे तं मांगच्या खेपेचंच व्हय ना?’ मी म्हटलं, ‘नाही काकी, यात फरक आहे.’ ‘कोनता?’ मी कागदाची घडी घातली आणि हात वर करायला सांगितले. कागद मंजूर झाला. चांगलंच झालं म्हणायचं, पण तिचा गेल्या सालचा पत्ता काही हिरवा होत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? सभेच्या रजिस्टरमध्येही ठेवता येणार नाही, ते कुणीही उघडतं. एवढं लिहून गावाला शिव्या दिल्या, पण एक गोष्ट वरती सांगितली नाही. मापाची अट चक्कीवाल्याच्या डोक्यातली नव्हती. बोलणीला जायच्या आदल्या दिवशी तो आपल्या ओसरीवर आला होता, काय सोडावं ते विचारायला. मी म्हटलं, माप सारखं ठेवा, व्यापारी दोन मापांच्या भानगडीत पडत नाही. त्यानं माझाच पेन मागून ते लिहून घेतलं. आणि सभेत ‘गाव इकलं’ असं सगळ्यात आधी ओरडलो तो मी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. तो कुणाला काही बोलला नाही, आजसुद्धा नाही.