शून्यापासूनच्या फाइली

३ फेब्रुवारी, सोमवार

मानवजातीच्या इतिहासात आज आणखी एका काळ्या दिवसाची भर — नव्या कॉम्प्युटरला भोकं दोनच! तीही इतकी चिंचोळी की माझा पेन ड्राइव्ह नुसता त्यांच्याकडे बघत बसतो. जुन्याला सहा होती. दुकानदाराला म्हटलं, पुढच्या मॉडेलला भोकंच ठेवू नका, म्हणजे आम्हीही सुटलो. "अ‍ॅडॉप्टर देऊ का, सर?" घेतला. तोच विकायला भोकं बुजवली असणार.

४ फेब्रुवारी

गाण्यांचं नवं सॉफ्टवेअर जुन्याच्या फाइली उघडतं, असं जाहिरातीत आहे. उघडतं, खरंच! माझी अकराच्या अकरा टवाळ गाणी पडद्यावर हजर — रंगीबेरंगी पट्टे, सगळं जागच्या जागी. प्ले दाबलं.

चिडीचूप.

मग एक चौकट आली : आवाजाच्या फाइली सापडत नाहीत, शोधू का? शोध की! मला काय विचारतोस?

५ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याने फोनवर शिकवणी घेतली. मी फक्त प्रोजेक्टची फाइल आणली. "त्यात आवाज नसतो, सर. कुठला आवाज कुठे ठेवलाय, याची नोंद असते फक्त." म्हणजे मी घर बदललं आणि टेम्पोत सामानाऐवजी सामानाची यादी चढवली.

"जुन्या मशीनमधून घ्या मग."

जुनं मशीन मागच्या आठवड्यात मेहुण्याला देऊन टाकलंय. फोन केला.

"काळजीच करू नका, भाऊजी! दिलंत त्याच दिवशी सगळं पुसून चकाचक केलं!"

आयुष्यात या माणसाने एक काम वेळेत केलं. नेमकं हे.

६ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "पुन्हा गा की. फाटका आवाज काय, तुझ्याकडे आहेच."

गाईन. व्हायोलिनचं काय करू? अकराही गाण्यांत व्हायोलिनवाला आहे, माझा तीस वर्षांचा मित्र. गाणी झाली आणि दोन महिन्यांत, नोव्हेंबरात, त्याला पक्षाघात झाला. आता काठी घेऊन चालतो, मला शिव्याही देतो. पण डाव्या हाताची बोटं तारेवर टेकत नाहीत. त्याने वाजवलेलं शेवटचं जे काही होतं, ते या गाण्यांत होतं. ते मी पुसून घेतलं. चकाचक!

त्याला अजून सांगितलेलं नाही.

७ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरमधलं तयार व्हायोलिन लावून पाहिलं. डास बरा.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो शेवटी. दार वहिनींनी उघडलं. "तीन महिन्यांत दुसऱ्यांदा दर्शन! कॉम्प्युटर बिघडला वाटतं?"

या बाईंपुढे मला टोमणे सुचत नाहीत.

त्याला सगळं सांगितलं. मान खालीच होती. तर हा हसतोय! अर्धंच तोंड हलतं, पण हसू पुरं होतं. "अरे गाढवा, शून्यापासूनच्या फाइली आहेत ना माझ्याकडे!"

ही त्याची जुनी खोड. गाणं झालं की प्रत्येक वाद्याची, गाणाऱ्याचीही वेगळी फाइल काढायची, आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या पहिल्या क्षणापासून. व्हायोलिन दुसऱ्या मिनिटाला येत असलं तरी आधीची शांतता तशीच ठेवायची. मग सॉफ्टवेअर कुठलंही असो, सगळ्या फाइली एका रेषेत लावल्या की गाणं जुळतं. मी चारचौघांत याची टर उडवायचो — हा माणूस शांतता साठवतो, गिऱ्हाईक शोधतोय!

"जागा माझ्या डिस्कवर जाते, तुझ्या डोक्यात नाही," म्हणायचा.

वहिनींनी कपाटातून डिस्क काढून दिली. वर त्याच्या नीटनेटक्या अक्षरात चिठ्ठी. तारीख नोव्हेंबराआधीची.

१० फेब्रुवारी

जुळली! अकराच्या अकरा! माझा फाटका आवाजसुद्धा जसाच्या तसा. त्याला फोन केला. म्हणाला, "आता आभार मान." म्हटलं, "लेखी अर्ज कर."

व्हायोलिनच्या फाइलींतल्या रिकाम्या जागा उद्या कापून टाकतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौथं गाणं. हेडफोन लावून कापायला बसलो. ती जागा रिकामी नव्हती. माइक चालूच होता. आपली पाळी यायची वाट बघत तो बोलतोय —

"करंगळी बधिर होतेय रे हल्ली. उद्या डॉक्टरकडे चल ना माझ्याबरोबर. एकट्याने जायला नको वाटतं."

मग मी. खणखणीत. "करंगळीला म्हणावं, पगारवाढ अशी मागतात का?"

दोघंही हसतो. मग तो वाजवतो. काय वाजवतो!

डॉक्टरकडे गेला होता की नाही, मी कधी विचारलंच नाही.

कापलं नाही. वहिनींना फोन केला. हाताच्या व्यायामाला त्याला दर शुक्रवारी साडेदहाला न्यावं लागतं, त्या रजा टाकून नेतात. म्हटलं, या शुक्रवारपासून मी नेतो.

"का हो, पुन्हा बिघडला का कॉम्प्युटर?"

"नाही," म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेदहाला नेलं. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. घरी सोडलं.