डायरीत लिहिलं नाही ते

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आम्ही आहोत तसे आहोत. बाबांचं जेवण ठीक, भांडण त्याहून ठीक. हॉस्पिटलला जाताना त्यांनी टॅक्सीवाल्याला गिअर कसा टाकायचा ते शिकवलं. तीस वर्षं बस चालवली, ते काही विसरत नाहीत. माझं नाव तेवढं आठवत नाही.

फोनवर विचारलंस, औषध लागू पडतंय का. अरे, ही तर विसरण्याच्या आजारावरच्या नव्या औषधाची सुरुवातीची चाचणी, किती डोस सोसतो ते बघायची. आधी सहा जणांना थोडा डोस, तो सोसला तर पुढच्या सहांना दुप्पट. घरच्यांनी रोज डायरी भरायची: झोप, डोकेदुखी, चक्कर, सगळं. ती मी भरते.

आता रागावू नकोस. गेल्या महिन्यात बाबा दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा बाथरूममध्ये, एकदा चपला घालताना. दोन्ही दिवशी मी 'त्रास नाही' असं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर त्यांना चाचणीतून काढलं असतं, आणि तू किती खटपट करून त्यांना तिथे घ्यायला लावलंस.

गुरुवारी तपासणीला गेलो तेव्हा नर्स खुशीत म्हणाली, "तुमच्या गटात कुणालाच चक्कर नाही. सोमवारपासून पुढच्यांना दुप्पट डोस."

त्या पुढच्यांपैकी एक बाई शेजारीच बसल्या होत्या. नवरा खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होता. तरी मी डायरीवर सही करून घरी आले. रविवारी रात्री डायरीची ती दोन पानं काढून बसले.

काल सकाळी, डोस द्यायच्या आधी, जाऊन सांगून टाकलं. नर्स ओरडली नाही. डायरी घेतली आणि मला डॉक्टरांकडे नेलं. पुढचा गट थांबवलाय. बाबांचं औषध बंद. उद्या त्यांच्या डोक्याचा स्कॅन आहे.

दादा, तुझी खटपट हे निमित्त होतं. दर गुरुवारी तपासणीचे पाच तास नर्स बाबांना सांभाळायची आणि मी बाहेरच्या बाकावर झोपायचे. आठवड्यात तेवढीच सलग झोप. त्या झोपेसाठी मी बापाचं पडणं लपवलं. लाज वाटते रे. आणि गुरुवार गेला म्हणून रडूही येतं.

दुसरी चाचणी शोधू नकोस. तू ये.

वाट बघतेय, पण फार दिवस जमणार नाही.

तुझी,
छोटी