विजयाचा कॅक्टस आणि एकवीस पिल्लं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
पुण्याहून पाथर्डीला परत. विजयाच्या गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. दोन महिने ती आमच्या लेकीकडे, अनन्याकडे राहणार. मीही राहणार होतो. अनन्या म्हणाली, बाबा, तुम्ही दर पंधरा मिनिटांनी 'दुखतंय का' विचारता, त्यानेच आईला जास्त दुखतं. मी मनाला लावून घेतलं नाही. घराकडेही कुणीतरी बघायला हवं.
निघताना विजयाने बजावलं: माझ्या कॅक्टसला महिन्यातून दोनदा पाणी घाला. बाकी काही म्हणजे काही करू नका.
एकतीस वर्षं ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवलेल्या माणसाला हे सांगायचं! असो. औषधांचा परिणाम.

४ फेब्रुवारी
कॅक्टसचं निरीक्षण केलं. मोसंबीएवढा गोळा, अंगभर पांढरी लव आणि काटे. बुडाला बोराएवढी पिल्लं, मोजून एकवीस. विजयाच्या शाळेतल्या एका बाईंनी रिटायर होताना तिला दिलेला. त्या बाई आता नाहीत. अकरा वर्षांत विजयाने एकही पिल्लू वेगळं केलं नाही. केवढं नुकसान!
संकल्प: ती येईल तेव्हा व्हरांड्यात एकवीस कुंड्या. सरप्राइज.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
ब्लेड, चिमटा, डेटॉल. एकवीस पिल्लं यशस्वीपणे अलग. मोठ्या झाडाला किरकोळ जखमा. माझ्या बोटांना किरकोळ नाहीत.
नर्सरीवाल्या गोरक्षनाथला सहज फोन केला. म्हणाला, "सर, पिल्लं आठ दिस सावलीत सुकू द्या, जखम भरू द्या. मंग वाळूत लावा. पानी लगेच नको." जखमी जिवाला उपाशी ठेवायचं? हा माझाच विद्यार्थी, बारावीला दोनदा बसलेला. ताबडतोब लावली. शेणखत भरपूर, पाणी भरपूर. मोठ्यालाही घातलं, अशक्तपणा आला असणार.

९ फेब्रुवारी
शेजारच्या झुंबरबाई कुंड्या बघून हसल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या बांधाला लई निवडुंग हाय. कुनी पानी घालत न्हाई आन् त्यो मरत बी न्हाई." हा मूळचा मेक्सिकोचा आहे, त्याचं शास्त्र वेगळं, असं मी समजावलं. त्या म्हणाल्या, "मंग त्याला हितली बोली कळत नसंल." अडाणी माणसांशी वाद नको.

१३ फेब्रुवारी
सात पिल्लं मऊ. रंग चहासारखा. निष्कर्ष: पाणी कमी पडतंय. दिवसातून दोनदा सुरू.

२० फेब्रुवारी
शिल्लक नऊ. विजयाने फोटो मागितला. गेल्या वर्षीचा पाठवला. हे खोटं नव्हे. फोटो तिच्याच झाडाचा आहे.

२६ फेब्रुवारी
शिल्लक दोन.
दुपारी: त्यातला एक खडा निघाला.

१ मार्च
मोठ्या गोळ्याला सहज बोट लावलं. बोट आत गेलं.
बुरशीनाशक फवारलं. उन्हात ठेवला. सावलीत ठेवला. पंख्याखाली ठेवला. आणखी काय करतात?

३ मार्च
कॅक्टस गेला. शेवटचं पिल्लूही.
संध्याकाळी विजयाचा फोन. वॉकर धरून आज बारा पावलं चालली. आनंदात होती. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, इकडे सगळं छान. जेवण गेलं नाही.

६ मार्च
एसटीने नगरला गेलो. गोरक्षनाथकडे जाणं प्रशस्त वाटलं नाही. रस्त्यावरच्या एका गाड्यावर हुबेहूब तसाच कॅक्टस मिळाला. उलट जास्तच चांगला: डोक्यावर टपोरं गुलाबी फूल. जुन्याच कुंडीत बसवला. हे फसवणं नव्हे. बदली शिक्षक वर्गावर पाठवतात, तसं.

२० मार्च
फूल चौदा दिवस टवटवीत! कॅक्टसचं फूल चार-सहा दिवसांत मिटतं, असं मीच शिकवायचो. माझ्या देखभालीचा परिणाम उघड आहे. महिन्यातून फक्त दोनदा पाणी, ही मी विकसित केलेली पद्धत. लेख लिहायला घेतला आहे.

२ एप्रिल
विजया आली. काठी टेकत थेट व्हरांड्यात गेली. कॅक्टसकडे बराच वेळ बघत राहिली. काही बोलली नाही. ओळखलं नाही! सुटलो.

४ एप्रिल
राहवलं नाही. फूल दाखवलं, म्हणालो, आज एकोणतिसावा दिवस. लेखाचा पहिला परिच्छेदही वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला. मग दोन बोटांनी फूल धरलं आणि अलगद पिरगळलं. निघालं. खाली डिंकाचा वाळका थेंब. रंगवलेलं सुकं फूल, चिकटवलेलं. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं.
म्हणाली, "ह्याचे काटे आकड्यासारखे आहेत. माझ्याचे सरळ होते. मला त्याच दिवशी कळलं."
मग बोलली का नाहीस, मी विचारलं.
"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."
सगळं सांगितलं. ब्लेड, शेणखत, खडा, पंखा. ती रागावली असती तर बरं झालं असतं. त्या बाईंचा फोटोसुद्धा नाही गं माझ्याकडे, एवढंच म्हणाली, तेही मला नाही, फोनवर अनन्याला. मग मला विचारलं, एवढं बजावलं होतं, तरी हात का लावलात?
काहीतरी करायचं होतं, मी म्हणालो. तिकडे तर कुणी काही करूच देत नव्हतं.
लेख फाडला.

७ एप्रिल, सकाळी साडेसात
विजयाचे गुडघ्याचे व्यायाम. मी स्टॉपवॉच काढलं. ती म्हणाली, नको. रंगीत चार्ट केला होता, तोही नको. मग मी काय करू, विचारलं.
म्हणाली, शेजारी बसा.
बसलो. सात मिनिटं. घड्याळ पाहिलं नाही. फार तर दोनदा.