क्लाराला वाहिलेली बारा अंडी

सोमवार, ११ मे

सगळ्यांत आधी कोण येऊन बसलं असेल, तर आमची विहीण. आमचं घर इथून हाकेच्या अंतरावर, तरी आम्ही पोचायच्या आत ही बाई नऊशे किलोमीटर गाडीतून येऊन अंगणात पंख्याने वारा घेत बसलेली. मिरेन तिचं नाव, स्पेनच्या पार उत्तरेकडची, बास्क मुलखातली. येताना स्वतःचं चीज घेऊन आली आहे, जणू आम्ही इकडे ऑलिव्हच्या बिया चोखून जगतो. मला म्हणाली, विहीणबाई, मे महिन्यातच हे असं, तर ऑगस्टात तुम्ही करता काय? मी म्हटलं, मरतो, आणि सप्टेंबरात पुन्हा उठतो. हसली. दात चांगले आहेत तिचे.

ही वही एस्त्रेयाने दिली. माझी नात. बिल्बाओला नर्स आहे, तिथेच हा गोर्का भेटला तिला. शनिवारी लग्न, म्हणून आठवडाभर आम्ही सगळे संत क्लाराच्या या मठात राहणार. मठ कसला, आता हॉटेल. आजी, रोजचं लिहून ठेव, म्हातारपणी वाचू म्हणाली. कोणाच्या म्हातारपणी, ते मी विचारलं नाही. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, प्रौढांच्या वर्गात, तेव्हा चुका असतील तर असोत.

पोरीची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याच कुशीत वाढली. हिचं सुखाने झालं की मला दुसरं काही मागायचं नाही.

खोलीचं काय सांगू. लहानपणी आम्ही या भिंतीला बाहेरून कान लावायचो, आत सिस्टर काय बोलतात म्हणून. आता त्यांच्याच खोलीत मी, आणि गादी अशी मऊ की उठवायला दोन माणसं लागावीत. शेवटच्या तिघी सिस्टर दुसऱ्या मठात गेल्या त्याला बावीस वर्षं झाली. म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि नव्या मुली यायला तयार नव्हत्या. दार बंद करताना मोठ्या सिस्टर रडल्या होत्या. मी पाहिलं आहे.

मंगळवार, १२ मे

टीव्हीवर सांगितलं, शनिवारी पाऊस. एस्त्रेयाचं तोंड एवढंसं झालं. अंगणात, कमानींच्या मधोमध लग्न लागायचं आहे. मी म्हटलं, रडतेस कशाला, अंडी आहेत की.

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी पाऊस नको असेल, तर घरची बाई संत क्लाराच्या सिस्टरना डझनभर अंडी नेऊन देते. सोबत चिठ्ठी, नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. माझ्या लग्नाला आईने नेली होती, थेंब पडला नाही. माझी चुलतबहीण फुएनसान्ता, तिच्या मुलीने नेली नाहीत, तर केक वाहून गेला, आणि वर्षभराने नवराही. तो पावसाने नाही, पण गेला.

आता सिस्टर आहेत त्या चाळीस किलोमीटरवर, आणि माझे गुडघे तर असे. म्हटलं, क्लारा तीच, भिंतही तीच. दारापाशी ते फिरतं कपाट अजून आहे. भिंतीत बसवलेलं उभं लाकडी पिंप, बाहेरून वस्तू ठेवायची, फिरवायचं, आतली सिस्टर तोंड न दाखवता घेते. हॉटेलवाल्यांनी त्यात फुलदाणी ठेवली आहे.

टोपली घेऊन निघाले तर विहीण म्हणते, आमच्याकडे पाऊस आला की छत्री उघडतात, अंडी तव्यावर जातात. चारजणांत म्हणाली. माझ्या मनाला लागलं. चिठ्ठीवर मी एस्त्रेयाचं नाव पुरतं लिहिलं, खाली शनिवार १६ मे, दुपारी बारा. गोर्काचं लिहिलंच नाही. म्हटलं, भिजू दे हिच्या मुलाला एकट्यालाच. मग जरा वाईट वाटलं, पण खोटं कशाला लिहू, मजाही वाटली.

फुलदाणी खाली काढून ठेवली, नमो मरिये म्हटलं, कपाट फिरवलं. आतून सिस्टरचा आवाज यायचा असतो. आला नाही. कुठून येणार.

बुधवार, १३ मे

दुपारी सगळे झोपलेले असताना मी खाली गेले, तर कपाटात माझी टोपली परत. स्वच्छ धुतलेली. त्यात पिवळ्या बलकाची मिठाई, खालून अजून कोमट. हॉटेलची बाई बेर्ता, तिचं तोंडभर कौतुक केलं. ती म्हणाली, आजीबाई, आमच्या आचाऱ्याला हे येत असतं तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं. आणि म्हणाली, कपाटाच्या मागे काही नाही, विटांनी बुजवलं आहे, पलीकडे लिफ्ट आहे. असेल. गावातल्या कोणीतरी ठेवली असेल.

मिठाईखाली पांढऱ्या कापडाची घडी होती. खळ इतकी कडक की टेबलावर उभी राहावी. जुन्या सिस्टर असंच करायच्या, अंड्याच्या पांढऱ्याची खळ, पिवळ्याची मिठाई. चांगला रुमाल आहे म्हणून एस्त्रेयाला दिला.

मला साखरेचा आजार, मी तोंडही लावलं नाही. एस्त्रेयाने सगळी खाल्ली. गोर्काने एक मागितली तर ताट मागे ओढलं. तशी नाही ती.

टीव्हीवर आता शनिवारी लख्ख ऊन दाखवतात. विहिणीच्या खोलीत जाऊन सांगून आले.

गुरुवार, १४ मे

आज जेवणानंतर माझ्या खोलीवर दोन सिस्टर आल्या. इतक्या मऊ बोलणाऱ्या बायका मी पाहिल्या नाहीत. त्या चाळीस किलोमीटरवरच्या मठातल्या असाव्यात असं मी धरून चालले. खिडकीकडे पाठ करून बसल्या, हात बाह्यांत. अंड्यांबद्दल आभार मानले. मुलगी गाते का, विचारलं. आजारी असते का. आई नाही ना तिला. पायाचं माप काय. मला ऐकणारं कोणी मिळालं की थांबता येत नाही, मी आपली सांगत गेले. अडतीस नंबर, आवाज बरा, आई कशी गेली, गोर्काचं घर कुठे, दारात अक्रोडाचं झाड आहे तेही. कॉफी ठेवली, तिला हात लावला नाही.

गेल्यावर पाहिलं तर खुर्चीवरच्या उशा दबलेल्या नव्हत्या. बेर्ता म्हणते, मी दारातच बसले होते, कोणी आलं नाही.

एस्त्रेया दिवसभर अंगणात भिंतीकडे तोंड करून बसली आहे. तो रुमाल कपाळापर्यंत बांधला आहे. गोर्काने गमतीने सोडायला हात लावला तर किंचाळली. जेवायला चल म्हटलं तर मला म्हणाली, तुम्ही जेवून घ्या.

तुम्ही. मला.

शुक्रवार, १५ मे

सकाळी चादरी बदलायला तोमासा आली. माझ्याच वयाची, लहानपणी मठाच्या धुण्याला होती. तिला सहज सांगायला लागले. तिने चादर खाली ठेवली. विचारलं, चिठ्ठीवर नावं दोन लिहिलीस ना?

दोन नावं म्हणजे लग्न, म्हणाली. एकच नाव आणि वार, म्हणजे मुलगी मठाला दिली. गरीब घरचे असंच द्यायचे, याच कपाटातून. आधी मिठाई येते. मग डोक्याचं कापड. मग दोघीजणी विचारपूस करायला. मग चिठ्ठीतल्या दिवशी न्यायला. मी विचारलं, परत मागितली तर कोणाची दिली का? ती खोली झाडायची ठेवून गेली.

नवी चिठ्ठी लिहिली, दोन्ही नावं घालून. फिरवली. परत आली. मग माझंच नाव लिहिलं, बासिलिया, वय चौऱ्याहत्तर, आजच न्या. तीही परत आली. घडी घातलेली, कोरी. माझी शाई नव्हती तिच्यावर.

विहिणीला सगळं सांगितलं, रागाने नाव गाळलं तेसुद्धा. वाटलं, हसेल. ती उठली आणि बॅग भरायला लागली. म्हणाली, माझ्या मुलाचं नाव गाळलंत ना, आता तोच तिला इथून नेईल. ते कापड ओढून काढलं आणि गटारात टाकलं. गाडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला म्हणाली, चला की.

मी नाही गेले. उद्या बाराला त्या आल्या तर त्यांना कोणीतरी बोलत बसवायला हवं. तेवढं मला येतं.

शनिवार, १६ मे

आठ वाजता विहिणीचा फोन. रात्री पोचलो. पोर झोपून उठली, दूध प्याली, आजी का नाही आली विचारते. तिकडे धो धो पाऊस आहे म्हणाली. नेहमीचाच.

दहा. इथे ढग आलेत. काल एकही नव्हता.

साडेदहा. पाऊस. इथे, अंगणात. मांडलेली टेबलं भिजली, बेर्ता डोक्याला हात लावून उभी. मी पावसात जाऊन उभी राहिले. ती म्हणते, आजीबाई, आत या. नाही आले. पाऊस पडला म्हणजे त्यांनी अंडी नाकारली. म्हणजे मोडलं. माझी पोर सुटली. बेर्ताचा मुका घेतला मी.

साडेअकरा. एस्त्रेयाचा फोन. आवाज गोड. आजी, इथला पाऊस थांबला बघ, आभाळ धुतल्यासारखं, सासूबाई म्हणतात असं ऊन इथे जन्मात पाहिलं नाही—

सासूबाई कुठे विचारलं. झोपल्या. गोर्का? तोही झोपलाय, भर दिवसा, हलवलं तरी उठत नाही, हसत होती—

म्हणाली, तुझ्या ओळखीच्या दोघी आल्या होत्या. अक्रोडाखाली बसल्या. बूट आणलेत मला. अगदी मापात

मी म्हटलं दार लाव. पोरी दार लाव. म्हणाली, कशाला आजी, किती मऊ बोलतात, तूच तर घर सांगितलंस त्यांना

फोन कापला. लावते आहे. वाजतो, उचलत नाही

विहिणीचा पण

निघताना त्या दोघी काय म्हणाल्या ते सांगितलं होतं तिने, लिहून ठेवते, कोणी वाचलं तर, पत्ता मागच्या पानावर आहे, लवकर जा— परत येतो म्हणाल्या, आजच, शनिवारी, बारा वाज