नीलम्माची ओटी

२८ नोव्हेंबर, सकाळी सहा
आजपासून संकल्प. आमदारकी असली तरी हात स्वच्छ. पेढासुद्धा नको. बैठकीत पाटी लावली : 'कृपया भेटवस्तू आणू नयेत.' सागवानी फ्रेम आहे. कुणीतरी कार्यकर्त्याने आणून दिली.

३० नोव्हेंबर
शिरूर अनंतपाळकडच्या एका शाळेत गेलो. दोन वर्षांपूर्वीचा स्लॅब, आत्ताच तुकडे पडतात. पोरं लिंबाखाली बसतात. मुख्याध्यापिका शिवकांताबाई म्हणाल्या, साहेब, लेकराच्या डोक्यात पडल्यावर येऊ नका, आत्ताच कायतरी करा. नागपूरच्या अधिवेशनात माझा तारांकित प्रश्न लागलाच आहे. कंत्राटदार शिवप्रसादला सोडणार नाही. पोरांना तसा शब्द दिला.

३ डिसेंबर
शिवप्रसाद बायकोला घेऊन आला. पाटी वाचून माझं कौतुक केलं. वाटतो तितका वाईट नाही. मला काहीही दिलं नाही. त्याच्या बायकोने, अक्षराने, माझ्या बायकोची, नीलम्माची, ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तांदळात सोन्याच्या पाटल्या.
मी स्पष्ट म्हणालो, हे चालणार नाही. (ते गेल्यावर म्हणालो.) पण सवाष्णीची ओटी परत करत नाहीत. अपशकुन. आणि ओटी बायकोची. माझा काय संबंध?

४ डिसेंबर
नीलम्मा म्हणाली, ओटी माझी, मग कपाटाची किल्ली तुमच्या खिशात कशी? बायकांना राजकारण कळत नाही.

७ डिसेंबर
प्रश्न विचारणारच. आवाज जरा सौम्य ठेवावा. शिवप्रसादलाही लेकरं आहेत.

१० डिसेंबर, नागपूर
प्रश्नोत्तराचा तास. माझा प्रश्न तिसरा. ऐन वेळी घसा बसल्यासारखा वाटला, म्हणून कॅन्टीनमध्ये गरम पाणी प्यायला गेलो. परत आलो तर चौथा सुरू. घशापुढे कुणाचं चालतं? भजी बरी होती.

१४ डिसेंबर, घरी
कपाटात पाटल्या नाहीत. नीलम्माला विचारलं. म्हणाली, दुसरी किल्ली लग्नापासून माझ्याकडं हाय. नऊ तारखेला अक्षराच्या घरी जाऊन तिची ओटी भरून आले. त्याच तांदळात त्याच पाटल्या. ओटी परत करता येत न्हाई, पर भरता तर येती की.
नऊ तारखेला! म्हणजे दहाला मी मोकळा होतो. फोन का नाही केलास, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, तुम्ही प्रश्न इचारणारच व्हता न्हवं? मग कशाला करू?
जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर
शिवकांताबाईंचा फोन. घशाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दहा तारखेला खुर्चीवर मोबाईल ठेवून सगळ्या शाळेनं लिंबाखाली विधानसभा बघितली. अध्यक्षांनी तुमचं नाव पुकारलं तशा पोरांनी टाळ्या वाजवल्या. लई येळ वाजवत व्हती, साहेब. थांबा म्हणलं तरी थांबनात.
फार लाज वाटली. पाटी उतरवली. निदान फ्रेम तरी परत करावी म्हटलं, तर कुणी दिली होती ते आठवेना.