दुसऱ्या बाजूचं हसू

४ सप्टेंबर

फुमी, आधी सगळ्यांची खुशाली सांग. तुझा खोकला कसा आहे? एक लांब ठसका आणि मागून दोन तुटके, असा तो रोज सकाळी तुझ्याआधी उठतो, ठाऊक आहे मला. नवरोबांना, योशिओ-सानना, कानातलं यंत्र लावायला सांग. फोन वाजून वाजून थकतो आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. लेकीची, मिनाकोची, बाळंतपणानंतरची कंबर धरली की सुटली? आणि कुरो? म्हातारं कुत्रं अजून जिना चढतं का?

मी ठणठणीत आहे. आपली लहानपणची पद्धत पुन्हा सुरू करू. ही वही मी भरायची, भरली की टपालाने तुला, मग तू भरायची. समोर कुणी वाचणारं असलं की माझं पेन चालतं.

हाचिनोहेहून निघताना बंदरावरचे सगळे हसले. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस म्हातारपणी जॅझच्या रेकॉर्ड वाजवायला चालला म्हणाले. हसू देत. ‘कावासेमी’ या जॅझ कॉफीघराचे मालक हियामा-सान पक्षाघाताने इस्पितळात पडलेत, ते बरे होईपर्यंत दुकान मी सांभाळायचं. मागची खोली राहायला. नोबुए-सान, त्यांची बायको, स्टेशनवर घ्यायला आली होती. माझ्या पेटीतल्या रेकॉर्ड उचलून म्हणाली, कपडे कुठेत?

माडीवरची एकच लांब खोली, चारही भिंती रेकॉर्डनी भरलेल्या, टोकाला कपाटाएवढे दोन स्पीकर. कॉफी घ्यायची, आपली फर्माईश सांगायची, त्या रेकॉर्डची एकच बाजू वाजते. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर काउंटरवर उभं करून ठेवायचं. आणि आत बोलायचं नाही. म्हणून इथली माणसं सगळं बोलणं जिन्यावर उरकतात. ओनोदेरा-सान नावाचे एक तातामीच्या चटया विणणारे रोज येतात. माझी पहिली कॉफी पिऊन जिन्यावर म्हणाले, बोटीच्या तळात साचतं ते हेच काय हो? मला माणूस आवडला.

१० सप्टेंबर

सापडली, फुमी. तुला सांगितलं नव्हतं, पण मी आलो तो हिच्यासाठी.

तुला आठवतं ना, तुझी वहिनी साकिको सांगायची? लग्नाच्या वर्षी मी समुद्रावर होतो आणि ती मावशीकडे या गावात आली होती. गावच्या सभागृहात एका फिरत्या जॅझ ताफ्याचा कार्यक्रम झाला. ड्रमवाल्याच्या हातातली काडी सुटली आणि ही एकटीच खदखदून हसली. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, थोड्याच प्रती. जन्मभर म्हणायची, माझं हसू तबकडीवर आहे बरं, तुमच्यासारखं नाही.

ती गेल्यावर घर धुंडाळलं. फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. एका संग्राहकाने सांगितलं, एक प्रत कावासेमीत आहे.

नोबुए-सानला विचारलं. तिने कव्हर हातात घेतलं आणि लगेच ठेवून दिलं. म्हणाली, पहिली बाजू खुशाल लावा. दुसरी लावायची तर दार बंद करून, एकट्याने, आणि तोंडातून अवाक्षर न काढता. दुकानात कुणी असताना नाही. का, ते नाही सांगितलं. दुकानदारांच्या एकेक तऱ्हा.

१५ सप्टेंबर

आज सकाळी दुकान उघडण्याआधी दुसरी बाजू लावली. मधल्या एका संथ गाण्यात खट्ट आवाज झाला, काडी पडली. आणि ती हसली. वीस वर्षांची आहे. हसता हसता नाकातून येणारा तो आवाज, तोच.

पुसायला घेतलेला कप हातातच राहिला.

१९ सप्टेंबर

रोज ऐकतो. आज मात्र धीर धरवला नाही. दुपारी ओनोदेरा-सान कोपऱ्यात डुलक्या घेत होते, बाकी कुणी नव्हतं. म्हटलं, झोपलेला माणूस म्हणजे रिकामी खुर्चीच. लावली. काडी पडायच्या जरा आधी त्यांना शिंक आली. त्यांची ती छप्पर उडवणारी शिंक. डोळे न उघडता पुन्हा झोपले.

नोबुए-सानला कळायचं कारण नाही.

२२ सप्टेंबर

आज ऐकताना काडी पडायच्या आधी रेकॉर्डमध्ये कुणीतरी शिंकलं. छप्पर उडवणारी शिंक. आणि साकिको लगेच हसली, काडीची वाट न बघता.

मला इंजिनातला ठोका बोटीबाहेरून ऐकू यायचा. कान असे फसत नाहीत. पण म्हातारपण आहे, म्हटलं.

दुपारी ओनोदेरा-सान आले. जिन्यावर त्यांना शिंक आली. तोंड उघडलं, अंग हललं, खांद्यावरची पिशवी पडली. आवाज मात्र आला नाही. स्वतःच हसले, म्हणाले, बायको चाळीस वर्षं ज्याला बोल लावत होती ते शेवटी सुधारलं की. मीही हसलो. फुमी, मी हसलो.

२७ सप्टेंबर

ओनोदेरा-सान गेले. अर्ध्या विणलेल्या तातामीवर, बसल्या जागी.

त्यांच्या घरी धूप लावून परत येताना नोबुए-सान जिन्यात थांबली. हलक्या आवाजात विचारलं, तुम्ही ती बाजू लावली तेव्हा कुणी होतं का?

नाही म्हणालो.

तिने सुस्कारा सोडला. म्हणाली, मग बरं. आमच्या सासूबाई एकदा त्या बाजूबरोबर गुणगुणल्या होत्या, त्यानंतर... मी पुढचं ऐकलं नाही. कपबश्या विसळायला पळालो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

रेकॉर्ड वरच्या फळीवर ठेवली.

२ ऑक्टोबर

खाली काढली. एकट्याने ऐकायला काय हरकत आहे? गप्प बसतो. कळतं पण वळत नाही. तिचं हसू आता लांबलंय. सोबत मिळाल्यासारखं.

५ ऑक्टोबर

संध्याकाळच्या गाडीने तू परत गेलीस. सफरचंदं आणि सुकवलेला माकुल मासा पोचला, आणि तूही दोन दिवस होतीस, म्हणून घर भरल्यासारखं वाटलं. माझ्या बाहीला बटण लावून दिलंस.

तूच म्हणालीस, दादा, वहिनीचा आवाज मला ऐकव. आलेय कशाला मग, तुझी कॉफी प्यायला?

तेव्हाच सांगायला हवं होतं. मनात आलं होतं. मी तुला फक्त खोकल्याची गोळी दिली आणि म्हटलं, काही झालं तरी आवाज करायचा नाही, इथला नियम आहे. म्हणजे मला माहीत होतं, फुमी. अर्धं तरी माहीत होतं. दोघांनी मिळून तिला ऐकावं एवढंच मनात होतं, आणि ते मी तुझ्या जिवापेक्षा मोठं मानलं.

ती हसली आणि तू रडलीस. रडताना गोळी घशात अडकली. तू तोंडावर रुमाल दाबलास, तरी.

एक लांब. दोन तुटके.

७ ऑक्टोबर

दोन दिवस हात लावला नाही. आज लावली.

शिंकेच्या नंतर. एक लांब, दोन तुटके.

साकिको किती आनंदाने हसते आहे. तू तिची लाडकी होतीस.

९ ऑक्टोबर

तुझा फोन आला. दादा, चमत्कार झाला म्हणालीस. खोकला गेला, पार गेला. तुझ्या गावचं पाणी मानवलं मला. योशिओ-सान म्हणतात घर सुनं सुनं वाटतं, म्हणालीस आणि हसलीस.

मी म्हणालो, छान.

डॉक्टरकडे जा म्हणायचं होतं. काय सांगायला जा म्हणू?

१० ऑक्टोबर

नोबुए-सानला सगळं सांगितलं. तिने मारायला हात उचलला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, सासूबाईंना सोडवायला यांनी खूप केलं, ती बाजू काही परत देत नाही. मग विचारलं, स्वतःची बहीण?

सकाळी लावली आणि ओरडलो. खोकलो, टेबल बडवलं, साकिकोला हाका मारल्या. घ्यायचं तर मला घे, तिला परत कर.

पुन्हा लावून बघितलं. माझा आवाज त्यात नाही. कुठेच नाही. माझ्या हाकेच्या जागी सगळं सभागृह गप्प आहे, कुणी खुर्चीतही हलत नाही. त्या दिवशीही मी तिथे नव्हतो —

मला जागा नाही.

१२ ऑक्टोबर

वादळ. नदीकाठचा रूळ खचला, गाड्या बंद. तुझ्याकडे फोन वाजतो. वाजतच राहतो. योशिओ-सानना ऐकू येत नाही, म्हणून असेल. तू बाजारात गेली असशील. कुरोला फिरवायला —

फोडायला घेतली होती. हातोडा उचलला. पण आत बसलेली माणसं? तू आत असलीस तर —

१३ ऑक्टोबर

फोन वाजतो.

सुई उचललेली आहे. तबकडी कव्हरात आहे. कव्हर मी काउंटरवर ठेवलं नव्हतं, ते उभं आहे.

स्पीकरमधून टाळ्या येतायत. मग गप्प. कुणाची तरी खुर्ची पुढे सरकते. साकिको कुणाला तरी म्हणते, ये, इथे बस —

फुमी, नोबुए-सान ही वही कुणाच्या तरी मोटारीतून पाठवते म्हणाली. मिळाली की लगेच लिही. फार काही नको. खुशाली नको, माफीही नको. खोकला परत आला, एवढंच लिही, फुमी, खोकला —